चमकीचा डावा खांदा

मित्रांनो, बाई गेल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी खिडकीपाशी उभा होतो. मला बसता येत नाही. पाय एकच, तोही लोखंडी, आणि डोकं तर मुळीच नाही. शिवलेला कपडा अंगावर कसा बसतो ते बघायला शिवणखोलीत जो पुतळा ठेवतात, तो मी. आता जुना झालो आहे. कापडाचा रंग उडालाय, टाचण्या टोचून टोचून अंगाची चाळण झाली आहे.

दुपारी बाराच्या सुमारास दारात किल्ली फिरली. एरवी त्या वेळेला घरी कुणी येत नाही. आत आला तो इस्त्रीवाला, म्हणजे बाईचा नवरा. बाई ज्या कारखान्यात कपडे शिवायची, तिथेच हा त्यांना इस्त्री करतो. दवाखान्यातून कारखान्यात फोन आला होता. त्याने चपला काढल्या, पाणी प्यायलं, पेला विसळून पालथा घातला आणि मग मुलीला फोन लावला.

"आई गेली," तो म्हणाला. मग थोडं ऐकून, "साडेदहाला. नाही, मी नव्हतो तिथे. मी इस्त्री करत होतो."

त्याच वेळी भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता आणि त्यावर चमकीची मुलाखत लागली होती. "मला कुणी काही शिकवलं नाही," चमकी सांगत होती, "जे केलं ते मी एकटीने केलं." इस्त्रीवाल्याने भिंतीकडे पाहिलं. "हिला आज एक दिवस तरी गप्प बसवा रे कुणीतरी," तो म्हणाला. कुणी बसवलं नाही. पंधरा वर्षांत ते कुणालाच जमलेलं नव्हतं.

ही चमकी कोण, ते तुमच्या आयांना विचारा. तिचं खरं नाव माणसाच्या उंचीच्या अक्षरांत भिंतीभिंतीवर लागत असे. मी ते घेणार नाही. तिला नाव पुष्कळ मिळालं आहे, त्यात माझी भर नको. कुठलाही कपडा समोर धरला की ती म्हणायची, "अजून चमकी लावा." म्हणून शिवणखोलीत तिचं नाव चमकी पडलं. ती आधी गायची, नाचायची. नंतर सिनेमात काम करू लागली. मी दोन्ही पाहिलं. माझं मत विचाराल तर दोन्हींत फरक एवढाच, की पहिल्यात आवाज जास्त होता.

मी जन्मलो तेव्हा कुणाचाच नव्हतो. आत काथ्या आणि कापूस, वर जाड कापड, मधल्या मापाची छाती, मधल्या मापाची कंबर. कारखान्यात माझ्यासारखे सहा होते. एके दिवशी गाण्याच्या कंपनीची माणसं एका एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली आणि म्हणाली, "हिच्या मापाचा एक पुतळा कायमचा करून ठेवा. हिला वेळ नसतो." मुलीला तेव्हा भरपूर वेळ होता. तासभर ती आरशासमोरच उभी होती.

बाईने टेप काढली. खांद्याचं माप घेताना ती एकदा थांबली आणि तिने पुन्हा माप घेतलं. चमकीचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. जन्मापासूनच तसा. बाईने वहीत आकडा लिहिला आणि मान हलवली. शिवणखोलीचा एक नियम आहे, मित्रांनो. टेपला जे कळतं ते टेपपाशीच राहतं. कुणाचं पोट किती, कुणाची पाठ कशी, हे शिवणाऱ्याने बाहेर बोलायचं नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. बाईने हा नियम शेवटपर्यंत पाळला. इस्त्रीवाल्याला तो खांदा ठाऊक झाला, पण तो जाकिटाला इस्त्री करताना हाताला लागून. बाईच्या तोंडून नाही. आता मी सांगतोय त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. मला तोंडच नाही, म्हणून माझ्याकडून कुणी कधी वचन घेतलं नव्हतं.

मग चांगल्या भर दिवसा बाईने मला चमकी बनवलं. छातीवर कापूस चढवला, कमरेला दोरी आवळली, उजव्या खांद्यावर एक थर दिला. उजवा वर गेला, म्हणजे डावा आपोआप खाली दिसू लागला. मग माझ्या अंगावर तिने चमकीचं पहिलं लाल जाकीट शिवलं. त्याच्या डाव्या खांद्यात, अस्तराच्या आत, तिने बोटभर जाड कापसाची गादी घातली. ते जाकीट घालून चमकी उभी राहिली तेव्हा दोन्ही खांदे आडव्या पट्टीसारखे सरळ. चमकीने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "चमकी अजून चालली असती."

ते जाकीट घालून ती गायली. गाणं काय होतं, तर "मी, मी, मी" आणि मध्ये ढोल. पण लोक वेडे झाले. आणि मग मोठी गंमत झाली.

बाजारात तयार कपडे विकणाऱ्यांनी एक जाकीट कुठूनतरी पैदा केलं, उसवलं, आणि टाक्याला टाका लावून नक्कल केली. शहाणी माणसं! डाव्या खांद्यात गादी सापडली, तर तीही उचलली. उजव्यात का नाही, हा प्रश्न एकालाही पडला नाही. महिनाभरात हजारो मुलींच्या अंगावर ते जाकीट आलं. त्या पोरींचे खांदे देवाच्या दयेने सरळ होते. त्यामुळे सगळ्यांचा डावा खांदा बोटभर वर! सगळं शहर कान आणि खांद्यामध्ये फोन धरून चाललंय, असं दिसायचं.

वर्तमानपत्रांनी त्याला 'बंडखोर खांदा' म्हटलं. एका प्राध्यापकाने लिहिलं की नव्या पिढीने झुकायला नकार दिला आहे आणि तो नकार आधी डाव्या बाजूने आला आहे. नाच शिकवणाऱ्यांनी खांदा उडवण्याचे वर्ग काढले. ज्या दिवशी इस्त्रीवाल्याने प्राध्यापकाचा लेख मोठ्याने वाचून दाखवला, त्या दिवशी बाईला हसून हसून सुईत दोरा ओवता येईना.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी शाळेतून थेट कारखान्यात आली. चौदा वर्षांची होती. अंगात लाल जाकीट.

"अगं, मान धरलीय का तुझी?" बाईने विचारलं.

"नाही."

"मग खांदा असा का?"

"आई, फॅशन आहे ही! तिची आहे. तुला माहीत नाही?"

"इकडे ये. दोन टाके उसवते, सरळ होईल."

"हात लावू नकोस!" मुलगी दोन पावलं मागे सरली. "तुला काय कळतं गं फॅशनमधलं?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर तेव्हा तशीच गादी अर्धी शिवलेली होती. "मला?" ती म्हणाली. "मला काय कळणार बाई." इस्त्रीच्या टेबलापाशी तिचा नवरा वाफेत तोंड लपवून खोकल्याचं सोंग करत होता. खांदा हाताला लागून कळलेला होता, पण नियमाबाहेर जाऊन मुलीला सांगायची त्याची छाती नव्हती.

पण खरा कळस पुढे झाला. चाहत्यांची पत्रं येऊ लागली, की आमच्या जाकिटाचा खांदा वर राहतो आणि तुमचाच का राहत नाही? तुम्ही बदललात का? चमकी घाबरली. धावत शिवणखोलीत आली.

"मावशी, माझा खांदा वर करा. त्यांच्यासारखा."

"त्यांच्यासारखा?"

"हो. लोकांना वाटतंय मी माझी फॅशन सोडली."

बाईने दुसरी गादी शिवली आणि पहिलीवर बसवली. अशा रीतीने, मित्रांनो, चमकीने स्वतःच्या नकलेची नक्कल केली. तिचा समाजावर केवढा प्रभाव पडला, यावर पुढे पुस्तकं निघाली. मला विचाराल तर सगळा प्रभाव दोन मुठी कापसाचा होता. आणि तो कापूस बाईने भरलेला होता.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग नव्या पोरी आल्या, त्यांचे ढोल आणखी मोठे होते. चमकीच्या गाण्यांना गर्दी कमी झाली. तेव्हा तिने जाहीर केलं की गाणं हे तिच्यासाठी लहान पडतं आणि आता ती अभिनय करणार. पहिल्याच सिनेमात तिला काम मिळालं ते शिवणकाम करणाऱ्या गरीब बाईचं. अभ्यासासाठी ती तीन दिवस आमच्या खोलीत येऊन बसली. बरोबर एक माणूस वही घेऊन.

"हे काय? बाहुलीची टोपी?"

"अंगुस्ताना. सुई लागू नये म्हणून बोटात घालतात."

"मग तुम्ही का नाही घालत?"

"माझी बोटं निबर झालीत."

"निबर! लिहून घे रे, लिहून घे."

बाईला तेव्हा खोकला होता. कापडाचे तंतू खोलीत सारखे उडतात, ते छातीत जातात. शिवणाऱ्यांना खोकला असतोच, असं सगळे धरून चालायचे. मीही. चमकी मात्र मान वाकडी करून तो खोकला ऐकत राहिली.

"मावशी, परत खोका ना जरा. तोंडावर हात कसा धरता ते नीट दिसलं नाही."

"खोकला काय सांगून येतो का, बाई? पण बसा. येईलच."

आलाच. चमकीने तो तीनदा करून पाहिला आणि तिसऱ्यांदा हुबेहूब जमला. सगळे हसले. इस्त्रीवालाही हसला. त्या हसण्याची आठवण त्याला अजून झोपू देत नाही.

मित्रांनो, ज्या माणसाला दुसऱ्याचा खोकला इतका बारकाईने ऐकू येतो, त्याला "औषध घेता का?" हे तीन शब्द सुचू नयेत, याला मी काय म्हणू? लोक त्याला अभिनय म्हणाले.

सिनेमा लागला तेव्हा चमकीकडून निमंत्रण आलं नाही. बाई आणि इस्त्रीवाला तिकीट काढून गेले. पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. पडद्यावरची शिवणारी खोकू लागली तसं सगळं थिएटर चिडीचूप झालं. तोच खोकला, तसाच तोंडावर हात. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगं, हिला कुणी दवाखान्यात का नेत नाही? नवरा काय झोपलाय की काय हिचा?"

इस्त्रीवाल्याने अंधारात बायकोकडे पाहिलं. ती पदराआड, पडद्यावरच्या बाईबरोबर खोकत होती.

दुसऱ्या दिवशी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस आहे?" बाई म्हणाली, "असेल दोनेक वर्षं." डॉक्टर नवऱ्याकडे बघून म्हणाले, "आणि आज आलात?" रोज दहा हातांवरून तो खोकला ऐकत होता. त्याला तो ऐकू यायला चमकीचा सिनेमा लागला. चमकीचा मला तिटकारा आहेच, पण ही गोष्ट मी तिच्या एकटीच्या माथी मारणार नाही. इस्त्रीवालाही मारत नाही.

चमकीला बक्षीस मिळालं. ते कारखान्यातल्या टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. तिने दिग्दर्शकाचे आभार मानले, आपल्या कुत्र्याचे मानले, आणि डोळे पुसून म्हणाली, "आणि त्या अनाम हातांना माझा नमस्कार."

"अनाम कसे?" बाई म्हणाली. "हजेरीपटावर नाव आहे की माझं. पंधरा वर्षं मावशी-मावशी करत होती, एकदा विचारायचं."

त्यानंतर चमकी आमच्याकडे फिरकली नाही. तिचे कपडे दुसरीकडून येऊ लागले. मला कोपऱ्यात सरकवलं. कुणी माझ्यावर ओली छत्री अडकवायचं, कुणी डबा ठेवायचं, आणि एकाने तर माझ्या छातीवर पेन पुसलं. शेवटी मालक म्हणाला, "हा भंगारात काढा." तेव्हा बाई पुढे झाली. "मी नेते घरी." मालक म्हणाला, "न्या. माझी जागा तरी मोकळी होईल."

इस्त्रीवाल्याने मला उचलून घेतलं. रस्त्यातली माणसं वळून बघत होती.

"कुणी विचारलं तर सांगतो, मेव्हणा आहे माझा," तो म्हणाला.

"माझ्या भावाला डोकं आहे हो!"

"असेल. वापरताना कधी दिसलं नाही."

बाई हसली आणि मग वाटेतल्या कट्ट्यावर तिला बराच वेळ बसावं लागलं.

घरी आणल्यावर तिने मला का आणलं ते कळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, छातीला गारवा लागू देऊ नका. बाईने गडद निळं लोकरी कापड आणलं होतं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचं शिवलं. स्वतःचे कपडे कधी कुणाचे उरलेले, कधी बाजारचे. आता तिला स्वतःसाठी एक कोट शिवायचा होता, पुतळ्यावर चढवून, रीतसर.

तिने माझी शिवण उसवली आणि चमकीला मुठीमुठीने बाहेर काढलं. छातीवरचा कापूस, उजव्या खांद्याचा थर, सगळं. मग नवऱ्याच्या हातात टेप दिली.

"घ्या माझं माप."

"मी?"

"मग कोण, शेजारी?"

त्याने टेप धरली ती उलटी. "अहो, आकडे तुमच्याकडे यायला हवेत. आणि एवढी सैल का? लाजता की काय?"

"दुखेल तुला."

"टेपने दुखत नाही. ओढा."

त्याने ओढली. छातीचा आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि सांगताना दोन इंच वाढवून सांगितला. बाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "खरा सांगा. कोट सैल होईल." मग त्याने खरा सांगितला. त्या दिवसापासून मी तिच्या मापाचा आहे. अरुंद पाठ, थोडे पुढे आलेले खांदे, बारीक झालेली कंबर. मी कुणासारखा दिसतो याचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला. ती दमली की माझ्या खांद्याला धरून उभी राहायची. तिच्याच खांद्याला.

मग ती दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

महिनाभराने चमकीचा मॅनेजर घरी आला. चमकीच्या पंधरा वर्षांच्या वाटचालीचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात बक्षिसं असणार, पोस्टरं असणार, लाल जाकीट असणार, आणि ते जाकीट ज्याच्यावर जन्मलं तो पुतळा त्यांना हवा होता. त्या वेळी मुलगीही घरी होती. आता ती मोठी झाली आहे, नोकरी करते. खांदे सरळ आहेत.

"काचेच्या खोलीत ठेवू," मॅनेजर म्हणाला. "खाली पाटी, 'बंडखोर खांद्याचा जन्म'. आणि काका, तुमच्या मिसेसचं नावही लिहू. पूर्ण नाव."

मुलगी पटकन म्हणाली, "बाबा, द्या. आईचं नाव लागेल. लाखो लोक वाचतील. इथे खिडकीत धूळ खात उभा राहून त्याचं काय होणार आहे?"

इस्त्रीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, देणार. नाव लागावं असं त्यालाही फार वाटत होतं. त्याच्या डोळ्यांत मला ते दिसत होतं. मग त्याने विचारलं, "हा आहे असाच ठेवणार?"

"असा कसा ठेवता येईल? हा फारच... हडकुळा झालाय. आमची माणसं कापूस भरून मॅडमच्या मापाचा करतील. त्याशिवाय जाकीट बसणार कसं?"

"मग नाही."

"काका, नीट विचार करा."

"केला. नाव लावा तुम्ही. पुतळा नाही मिळणार."

"पुतळाच नाही तर नाव कशाखाली लावू?"

"तेही खरं," इस्त्रीवाला म्हणाला आणि उठून दार उघडून उभा राहिला.

मॅनेजर गेल्यावर मुलगी बापावर तुटून पडली. "तुम्ही काय केलंत कळतंय का? एवढं एकच मिळणार होतं तिला! एका काथ्याच्या पुतळ्यासाठी!"

"हात लाव त्याला."

"काय?"

"पाठीला हात लाव त्याच्या."

ती चिडूनच आली. तिने माझ्या पाठीवर तळहात ठेवला, मग खांद्यावर, मग दोन्ही हात कमरेभोवती नेले. शेवटच्या दिवसांत बाईला पलंगावरून उठवताना ती असंच धरायची. तिचे हात तिथेच थांबले.

"बाबा, हे माप..."

"मी घेतलेलं आहे," इस्त्रीवाला म्हणाला. "आधी चुकवलं होतं. मग बरोबर घेतलं."

प्रदर्शन भरलं. मुलगी एकटी जाऊन आली. त्यांनी प्लॅस्टिकचा सरळ खांद्यांचा पुतळा आणला होता आणि त्यावर ते दोन गाद्यांचं जाकीट चढवलं होतं. डावा खांदा जवळजवळ कानाला टेकला होता. समोर उभी राहून माणसं माना डोलावत होती. एकजण म्हणाला, "काय ठसका आहे!" पाटीवर चमकीचं नाव होतं, प्राध्यापकाचं वाक्य होतं, दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं. खांद्याचं खरं कारण सांगून तो सगळा तमाशा इस्त्रीवाला एका वाक्यात बंद पाडू शकला असता. "खरं कारण तुम्हाला माहीत असणार, सांगून टाका," असं मुलीने म्हणूनही पाहिलं. तो म्हणाला, "तिने सांगितलं नाही. मी कोण सांगणारा?"

मित्रांनो, मी डोकं नसलेला पुतळा, तुम्हाला काय शिकवणार? एवढंच सांगतो. तुमच्या अंगावरच्या सदऱ्याचं बटण कुणीतरी लावलेलं आहे. ते कुणी, हे तुम्हाला कळणार नाही, पण जे माणूस तुमच्या शेजारी बसून शिवतं, रांधतं, पुसतं, त्याला नाव विचारा. त्याला खोकला असेल तर त्याच दिवशी विचारा. पडद्यावर दिसेपर्यंत थांबू नका. आणि घरात माझ्यासारखा कुणी उभा असेल, तर त्याच्यावर ओली छत्री अडकवू नका.

निळा कोट माझ्या अंगावर आहे. इस्त्रीवाला रविवारी त्यावरची धूळ झटकतो. कॉलर लागली आहे, काजं झाली आहेत, अस्तर आतून कच्च्या टाक्यांवर आहे. बाह्या कापलेल्या आहेत, त्यांना इस्त्री करून त्याने घडी घालून ठेवल्या आहेत. त्याला शिवता येत नाही. मुलीलाही येत नाही.

बाह्या लावायच्या राहिल्या आहेत.